कंबर दुखत नसताना

तिसराही मांडा फाटला आणि मी बाजल्यावर पडल्या पडल्या "आई गं!" म्हणून ओरडले. माझ्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. पण कंबरेला तापवलेली वीट बांधलेली होती, नवरीची आज्जी पायाशी बसून माझ्या पोटऱ्या चेपत होती, आणि नवरीचा काका मोटारसायकल काढून डॉक्टरला आणायला गेला होता. उठावं तर सोंग उघडं पडणार. न उठावं तर समोर चुलीवर माझं नाव जळत होतं.

"फाटला काय गं?" आज्जीनं मला विचारलं.

"मला कुठं दिसतंय इथनं," मी म्हटलं.

सगळं दिसत होतं. चूल दिसेल म्हणूनच तर परसातल्या बाजल्याला मी हो म्हटलं होतं.

उचगावातल्या एका शेतकरी घरचं लग्न होतं. लग्न दुसऱ्या दिवशी बेळगावात, मोठ्या हॉलमध्ये. तिथल्या जेवणाशी आमचा संबंध नव्हता. आम्ही पाच बायका फक्त मांडे करतो, आणि मांडे आदल्या दिवशी घरच्या परसात करायचे असतात. नवरी निपाणीला जाणार होती. तिच्याबरोबर मांड्यांची बुट्टी, वेताची टोपली, जायची. निपाणीची माणसं ती बुट्टी उघडतात, वरचा मांडा उजेडात धरतात आणि मग ठरवतात की सुनेचं माहेर कसं आहे. पोरगी शिकलेली आहे, नोकरी करते, हे सगळं नंतर. आधी मांडा.

लोक मनात मांडे खातात, म्हणून त्यांना वाटतं सोपं असेल. तसं नाही. गव्हाचं सपीट तेल-पाण्यात इतकं तिंबायचं की ते रबरासारखं ओढलं जावं. त्याचा गोळा लाटायचा नाही. दोन्ही हातांवर घेऊन फिरवायचा, झुलवायचा, तो मनगटावरून खाली कोपरापर्यंत उतरतो आणि धोतराच्या पानासारखा पातळ होतो. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या मडक्यावर टाकायचा, वर पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भुरभुरायचा आणि गरम आहे तोवर चौकोनी घडी घालायची. हातावर फाटला तर मडक्यावर नेऊन काही उपयोग नाही. ठिगळ लावलेला मांडा कुत्रंसुद्धा ओळखतं.

हे मला शिकवलं ते शहापूरच्या आमच्या गल्लीतल्या एका बाईनं. आम्ही तिला थोरली म्हणत होतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण माझी शाळा म्हणाल तर ती बाई. नवरा गेल्यावर मी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते. थोरली दारात येऊन म्हणाली, "कांड्या भरून हाताचं वळण बिघडवू नकोस. माझ्यासंगं चल." तीही विधवाच होती. नवरा गेलेल्या बाईनं लग्नघरात कुठं दिसायचं नाही याचे नियम होते. पण मागल्या परसात चुलीपाशी दिसलं तर कुणाची हरकत नव्हती. मांडे हवे असत ना सगळ्यांना.

थोरलीची शिकवायची रीत साधी होती. ती काहीच सांगत नसे. आधी जाळ बघायला लावलं. किती दिवस, तर मला जाळाचा कंटाळा येऊन तो जाईपर्यंत. मग साखर. मग घडी. हातावर गोळा घ्यायला मिळाला तोवर माझे पुढचे केस पांढरे व्हायला लागले होते. विचारलं की टोमणा. "मांडा बिघडला, काय करू?" म्हटलं तर म्हणायची, "त्याला शाळेत घाल." एकदा मी चिडून म्हटलं, "तुला येतंय ते मला सांगायला तुझं काय जातंय?" तर म्हणाली, "सांगितल्यावर तू मला विचारायला येशील. मी मेल्यावर कुणाला विचारशील? तुझ्या सासूला?"

मग नंदगडला एका लग्नात, पहिला गोळा हातावर घ्यायच्या वेळी, थोरलीच्या पोटात एकाएकी कळ आली. ती आत जाऊन झोपली. मागं मी, चूल आणि पाहुण्यांनी भरलेलं घर. मी रडले, शिव्या दिल्या, आणि मांडे केले. संध्याकाळी परतताना एसटीत ती मला हळूच म्हणाली, "आतल्या खोलीत पुरणाची पोळी लई चांगली होती." मला ते समजायला खडेबाजारच्या स्टॉपपर्यंत वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. पण त्या दिवसापासून मांडेवाली म्हणून लोक मला बोलवायला लागले, हे खरं.

म्हणून थोरलीचं सगळं मी घेतलं. तिचं मांडे भाजायचं खापर, तिचे टोमणे, आणि वेळ आली तेव्हा तिची पोटाची कळही. पोटाऐवजी कंबर केली, कारण पोट दुखतंय म्हटलं की लग्नघरात काही खायला देत नाहीत; थोरलीनं पोळी चोरूनच खाल्ली असणार.

वेळ कशानं आली, तर माझा उजवा खांदा वर जाईना. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खांदा गेला की मांडा गेला. आणि मांडा गेला की आम्ही पाच जणी फुटणार हे मला दिसत होतं. जाळ बघणारी आमच्यात वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. तिला वाटत होतं माझ्यामागं तिचा नंबर. जाळ ती उत्तम बघते, पण हातावर गोळा घेतला की त्याचं वांगं होतं. साखरवाली आणि घडीवाली गोळ्याला हातच लावत नव्हत्या. हात होता तो फक्त एका पोरीचा.

पोरगी म्हणजे वडगावच्या विणकराच्या घरची सून. घरात यंत्रमाग, सासरा साड्या विणतो, ही कांड्या भरून माझ्याकडं यायची. हात असा की थोरलीनं बघितला असता तर टोमणा विसरली असती. पण एक खोड. विचारल्याशिवाय श्वास घेत नव्हती.

"आक्का, मीठ घालू?"

"आक्का, साखर बास?"

"आक्का, जाळ जास्त झालाय काय?"

एकदा तर "आक्का, बसू?" म्हणाली. मी म्हटलं, "न्हाय, तशीच लोंबकळ." ती खरंच उभी राहिली. अशा पोरीच्या हाताखाली जाळवाली काम करणार? जाळवालीनं मला तोंडावर सांगितलं होतं, "ही कालची पोर मला जाळ कमी कर म्हणाली तर मी चूलच इझवीन आणि घरी जाईन."

म्हणून उचगावात, पीठ तिंबून झाल्यावर, मी कंबरेला हात लावला आणि खाली बसले. जाळवालीला वाटलं खरंच. साखरवालीला, घडीवालीला वाटलं खरंच. पोरगी धावत आली.

"आक्का! आता मांडे कोण करणार हो?"

मी डोळे मिटले. इथपर्यंत सगळं थोरलीनं घालून दिल्याप्रमाणं चाललं होतं.

पण थोरलीला नंदगडात नवरीची आज्जी भेटली नव्हती. मला भेटली. मी आतल्या खोलीत जाऊन निवांत पडायचा बेत केला होता. ही म्हातारी म्हणाली, "आत कशाला, पाहुण्यांची गर्दी हाय. हितंच परसात बाजलं टाका, मी बघते." ठीक आहे, मी म्हटलं, चूल तरी दिसेल. मग तिनं वीट तापवली. जुन्या मऊ धोतराची लांब पट्टी आणली आणि वीट माझ्या कंबरेला आवळून बांधली. ती वीट इतकी गरम होती की मला खरोखरच कण्हायला यायला लागलं. "बघा, किती दुखतंय तिला," म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली आणि मुलाला डॉक्टरकडं पिटाळलं.

तेवढ्यात पहिला मांडा फाटला.

मी मनात म्हटलं, पहिला फाटणारच. घाबरलीय. दुसरा फाटला तेव्हा म्हटलं, पीठ अजून मुरायला हवं होतं काय? पण पीठ मीच बघितलं होतं. तिसरा फाटला तेव्हा माझ्याकडं म्हणायला काही उरलं नव्हतं. पोरीचा हात तोच, पीठ तेच, जाळ तसाच. काल माझ्या घरी तिनं केलेले मांडे वाऱ्यानं उडतील असे होते. आज काय झालं? खरं सांगते, मला कळत नव्हतं. इतकी वर्षं मांडे केले आणि मला कळत नव्हतं. थोरली असती तर तिलाही कळलं नसतं, आणि त्याला कारण होतं, पण ते पुढं.

जाळवालीनं चिमटा आपटला. "मी म्हटलं नव्हतं? ह्याला हात लागतो. कांड्या भरायचं काम न्हवं हे!"

"जाळ जास्त हाय काय, काकू?" पोरीनं विचारलं.

"माझा जाळ? माझ्या जाळाला नाव ठेवतीस?"

पोरगी माझ्याकडं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आक्का, काय करू हो?"

बोलावंसं लई वाटलं. पण काय बोलणार होते? मला माहीत असतं तर मी उठले असते, सोंगाच्या नानाची टांग. माहीतच नव्हतं. म्हणून मी पुन्हा "आई गं" केलं. म्हातारीनं वीट अजून थोडी वर सरकवली.

पोरगी तशीच उभी राहिली. मग तिनं डोळे पुसले, परत गेली आणि फाटलेले तिन्ही मांडे उचलले. मला वाटलं टाकून देणार. तिनं एकेक मांडा उन्हात धरला, मागून उजेड येईल असा, आणि बघत राहिली. विणकरांच्या शेजारात माझं अर्धं आयुष्य गेलंय, मी ते बघणं ओळखलं. विणकर साडीचा पन्हा असा धरतो. धागा कुठं तुटतोय ते बघतो. वाटेल तिथं तुटला तर सूत वाईट. सारखा एकाच जागी तुटला तर सुताला बोल लावायचा नाही. मागात कुठंतरी काहीतरी बोचतंय, ते शोधायचं.

तिनं मांडे खाली ठेवले आणि आपले दोन्ही हात समोर धरले.

हिरव्या बांगड्या. हात भरून.

सकाळी घरात कासार आला होता. नवरीला चुडा भरला, मग घरच्या बायकांना, आणि म्हातारीनं हौसेनं आमच्या बायकांनाही ओसरीवर बोलावून बांगड्या भरायला लावल्या. लग्नघरचा मान, नाही कसं म्हणायचं? जाळवालीनं भरल्या, साखरवालीनं भरल्या, घडीवालीनं भरल्या, पोरीनं भरल्या. मी मागं पीठ तिंबत होते. विधवेला कासारापुढं कुणी बोलवत नाही. थोरलीलाही कधी बोलावलं नव्हतं. आमची ही कला मोकळ्या हातांनी मोकळ्या हातांना दिली होती. थोरलीला बांगड्यांचं सांगायची वेळ आली नाही आणि मलाही नाही. पोरीच्या हातात रोज दोन गुळगुळीत बांगड्या असायच्या, त्या पिठाला लागत नव्हत्या. आज नव्या काचेचे सांधे पिठाला करवतीसारखे कापत होते, बरोबर मनगटाच्या वर, प्रत्येक मांड्यात.

जाळवालीच्याही ध्यानात आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "फोड तिकडं. काम करताना वाढल्या म्हणायचं."

"लग्नघरात? हळद लागायच्या दिवशी?" पोरगी म्हणाली. "आज्जी काय म्हणतील? आणि माझ्या घरात कळलं तर सासू काय म्हणेल?"

"मग उतरव."

"उतरत न्हाईत. कासारानं साबण लावून चढवल्यात."

मग पोरीनं जे केलं ते मी विसरणार नाही. ती वळली आणि म्हणाली, "काकू, जाळ कमी करा. मडकं तापून बसू दे, मी सांगतो तेव्हा वाढवा. काकी, तुम्ही साखर झाका, मुंग्या येतील. गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा."

विचारलं नाही. सांगितलं. जाळवाली तोंड उघडून बघत राहिली, आणि काय आश्चर्य, वाकून एक लाकूड मागं ओढलं.

मग पोरगी सरळ माझ्या बाजल्यापाशी आली. "आज्जी, जरा उठा," म्हणाली. म्हातारी उठली. पोरीनं माझ्या कंबरेची गाठ सोडली, वीट काढून जमिनीवर ठेवली आणि धोतराची पट्टी ओढायला लागली. मी भोवऱ्यासारखी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरले.

"अगं, तिचं दुखतंय!" म्हातारी ओरडली.

"थोडा वेळ दुखू दे, आज्जी. मऊ कापड ह्या घरात हे एकच हाय."

आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आक्का, मांडा फाटला की कण्हताय. मधी एकदम गप. मी मघापास्नं बघतोय."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. ही पोरगी मला विचारून बसायची.

तिनं पट्टी मधोमध फाडली. बांगड्या मनगटापासून जेवढ्या वर सरकतील तेवढ्या सरकवल्या, वरून तेल लावलेली पट्टी घट्ट, एकसारखी गुंडाळली. कांडी भरल्यासारखी. सुताला सूत लागून, कुठं उंचवटा नाही. वरून तुपाचा हात फिरवला. मग गोळा घेतला.

तो फिरला, झुलला, मनगटावरून उतरला, पट्टीवरून घसरला आणि कोपरापर्यंत आला. फाटला नाही. साखरवालीनं श्वास सोडल्याचं मला बाजल्यावर ऐकू आलं. पोरगी म्हणाली, "काकू, आता जाळ." जाळवालीनं जाळ दिला. मांडा मडक्यावर पडला, साखर पडली, घडी झाली. आज्जीनं तो हातात घेऊन उन्हात धरला. तिच्या चेहऱ्यावर मांड्याची सावलीसुद्धा पातळ पडली होती.

"हातावर ह्या पट्ट्या कसल्या गं पोरी?" म्हातारीनं विचारलं.

"तुम्ही भरलेला चुडा जपलाय, आज्जी. एक बी वाढली न्हाय."

म्हातारी इतकी खूश झाली की आतून खणाचं कापड आणायला गेली. मी म्हटलं, चला, आता हळूच बरं वाटायला लागलं म्हणावं आणि उठावं. तेवढ्यात मोटारसायकल आली आणि काकामागून डॉक्टर उतरला.

"कुठं दुखतंय?"

मी म्हटलं, "आता जरा बरं..."

"न्हाय हो डॉक्टर," पोरगी चुलीपासून म्हणाली. हातावर गोळा होता, नजर गोळ्यावर. "लई दुखतंय त्यांना. सकाळपास्नं कण्हायला लागल्यात. लाजतात, बोलत न्हाईत. तुम्ही सुई द्याच."

म्हातारी खण घेऊन परत आली आणि तिनंही दुजोरा दिला. डॉक्टरनं दोन बायकांचं ऐकलं, माझं ऐकलं नाही. मी कुशीवर वळले. इंजेक्शन मोठं होतं. जाळवाली चिमटा तोंडावर धरून हसत होती. मी एवढंच सांगते की त्या वेळी मी कण्हले नाही. कुठलाच मांडा फाटला नव्हता ना.

दुपार कलायच्या आत बुट्टी भरली. निपाणीकरांनी मांडा उजेडात धरला की नाही मला माहीत नाही. पण नवरीच्या धाकट्या जावेच्या बाळाच्या बारशाला त्यांनी बोलवणं धाडलं, आणि बोलवणं मला नव्हतं. "ती हातावर पट्ट्या बांधणारी बाई" पाहिजे, असा निरोप होता.

आता चूल तिची. मी खुर्चीवर बसते, खांद्याचं आता सगळ्यांना सांगून टाकलंय. ती माझ्यासारखं शिकवत नाही. नव्या आलेल्या बाईला ती सगळं सांगते. मीठ किती, जाळ किती, फाटला तर कशानं फाटला. विचारलं की उत्तर देते, टोमणा देत नाही. मला ते पटत नाही. असं गोड गोड शिकवल्यावर बाई कणखर कशी होणार? मी म्हटलं तर ती म्हणाली, "आक्का, तुम्ही शिकवलं तसं शिकवलं तर ह्यांना शिकायला तुमच्याएवढी कंबर लागेल." काहीतरी बोलते झालं. एक नियम मात्र तिनं केलाय आणि तो कडक आहे. लग्नघरात पोचलं की आधी ओसरीवर जाऊन सांगायचं: बांगड्यांचा मान घेणार, पण मांडे झाल्यावर. कासार थांबतो. आणि मान घ्यायला ती मलाही ओढून नेते. एका घरी कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाली, "पाची जणींनी मांडे केल्यात, पाची जणी भरणार. न्हायतर बुट्टी घेऊन जातो." कासारानं माझ्या हातात बांगड्या भरल्या. मला त्या टोचतात. काढायला सांगितल्या तर म्हणते, "वाढवू नका, पट्टी बांधून देऊ काय?"

मागच्या थंडीत माझी कंबर खरोखर धरली. दोन दिवस उठता येईना. पोरीला निरोप धाडला, तर तिचा उलटा निरोप आला: "कुणाचा मांडा फाटला?" संध्याकाळी आली मात्र. येताना वीट घेऊन आली, तीही तापवलेली.

त्या दिवशी उचगावच्या परसात आम्ही पाच जणी आणि ती आज्जी होतो. आज्जी वर्षभरानं गेली, म्हातारपणानं. आम्ही पाचही जणी अजून एकाच चुलीपाशी आहोत.